विडंबन आणि विटंबना: एका घरातले दोन शब्द

सोलापूरच्या एका महाविद्यालयात भित्तिपत्रकाचं काम पाहणाऱ्या विद्यार्थिनीचा प्रश्न आला आहे. त्यांच्या भित्तिपत्रकात एका मैत्रिणीने मिरवणुकांतल्या डॉल्बीवर कविता लिहिली, गणपतीच्या आरतीच्या चालीवर. त्यातलं ध्रुवपद असं: "जय देव जय देव जय डॉल्बीराया, आजीची छाती धडधडे, येऊ दे दया." दुसऱ्या दिवशी तक्रार आली की ही आरतीची विटंबना आहे. कागद उतरवला गेला. कवयित्री म्हणाली, मी आरतीची विटंबना नाही, आरतीचं विडंबन केलं आहे. त्यावर एका शिक्षकांनी सांगितलं की दोन्ही शब्द संस्कृत 'विडम्बना'वरूनच आले आहेत, तेव्हा फरक काही नाही. प्रश्न असा, की हे खरं आहे का?

व्युत्पत्ती खरी आहे, तिच्यावरून काढलेला निष्कर्ष चुकीचा आहे.

संस्कृतात 'विडम्बन' म्हणजे मुळात अनुकरण, नक्कल, सोंग घेणं. भागवताच्या पहिल्या स्कंधात कुंती कृष्णाची स्तुती करताना 'नृणां विडम्बनम्' म्हणते. देवा, तू माणसांसारखं वागतोस, माणसाची बतावणी करतोस, आणि तुझ्या मनात काय आहे ते कोणालाच कळत नाही, असा तिचा भाव. म्हणजे हा शब्द स्तोत्रात बसला आहे आणि अपमानाचा तिथे वासही नाही. नकलेला थट्टेची धार आली की 'विडम्बन' म्हणजे उपहास, हा अर्थही संस्कृतातच रुळला. सतराव्या शतकातल्या नीलकंठ दीक्षितांनी वैद्य, ज्योतिषी, मांत्रिक यांची लबाडी उघडी पाडणाऱ्या शंभरेक श्लोकांना 'कलिविडम्बन' असंच नाव दिलं.

मराठीत हा शब्द दोन वाटांनी आला. जुन्या वाटेने आला तो 'विटंबना', आपल्या जुन्या कवितेत 'विटंबणा'. इथे ड चा ट झाला, आणि ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे, कारण आपल्याकडे बहुधा उलटं घडतं. वट चा वड, घट चा घडा, कटु चा कडू. ट मऊ होऊन ड होतो. हा शब्द मात्र प्रवाहाविरुद्ध कठीण झाला, आणि अर्थानेही कठीण झाला: फजिती, दैना, हालहाल, बेअब्रू. आजच्या बातम्यांत तो तीनच ठिकाणी हमखास भेटतो, पुतळ्याची विटंबना, राष्ट्रध्वजाची विटंबना, मृतदेहाची विटंबना. तिन्ही ठिकाणी कोणीतरी एखाद्या वस्तूवर किंवा देहावर प्रत्यक्ष हात टाकलेला असतो.

'विडंबन' हा शब्द मात्र संस्कृतातून जसाच्या तसा घेतला गेला आणि मराठी साहित्यात त्याला एक नेमका अर्थ मिळाला. मूळ कवितेची चाल, ढब, शब्दकळा उचलायची आणि तिच्यात दुसराच ऐवज भरायचा. केशवकुमारांच्या, म्हणजे आचार्य अत्र्यांच्या 'झेंडूची फुले'नंतर तर विडंबन म्हणजे काय हे शाळकरी मुलालाही समजावून सांगावं लागत नाही.

एका मूळ शब्दाची दोन लेकरं वेगळ्या अर्थाने नांदणं मराठीला नवं नाही. कर्म आणि काम तसेच, क्षेत्र आणि शेत तसेच. पंढरपूर आपल्याच जिल्ह्यात आहे. त्याला आपण तीर्थक्षेत्र म्हणतो, तीर्थशेत म्हणत नाही. 'मूळ एकच' एवढ्या आधारावर विडंबनाला विटंबना ठरवणं याच जातीचं आहे.

ट आणि ड मधला फरक मी पुस्तकात शिकायच्या आधी घरात ऐकला. माझे वडील साखर पेठेतल्या एका छोट्या छापखान्यात खिळे जुळवत. लग्नपत्रिका, हँडबिलं, मेळ्यांच्या पदांच्या पुस्तिका. एकदा एका मेळ्याच्या जाहिरातीत 'विडंबनगीते'च्या जागी 'विटंबनगीते' जुळलं गेलं. प्रुफात मालकांच्या नजरेला पडलं तेव्हा ते हसले नाहीत. वडिलांना म्हणाले, खाली आपल्या छापखान्याचं नाव आहे. छापील कागदावर मुद्रकाचं नाव असलंच पाहिजे, हे 1867 च्या कायद्याने ठरवलेलं होतं. लिहिणाऱ्याला टोपणनाव घेता येई, मुद्रकाला ती सोय नव्हती. एक खिळा चुकला तर गुन्ह्याची कबुलीच छापून जाईल, असं त्या माणसाला वाटलं, आणि त्याचं वाटणं बरोबर होतं. आजही मी 'विटंबना' हा शब्द लिहिताना थांबते. तो वर्णन करणारा शब्द नाही, आरोप करणारा आहे, आणि आरोप सिद्ध करावा लागतो.

तक्रार करणाऱ्यांचा गोंधळ कुठे होतो ते आता पाहू. विडंबनात नेहमी दोन बाजू असतात: चाल कोणाची घेतली, आणि मार कोणाला बसला. कधी दोन्ही एकच असतात. केशवकुमारांनी ज्या कवींची ढब उचलली, त्यांच्याच लकबींना चिमटे काढले. पण पुष्कळदा चाल एकाची असते आणि मार दुसऱ्यालाच. एकनाथांचं 'सत्वर पाव गे मला, भवानी आई रोडगा वाहीन तुला' हे भारूड घ्या. सासरा, सासू, नणंद यांचा काटा निघावा म्हणून बाई देवीला नवस बोलते आहे. रूप नवसाचं आहे, भाषा नवसाची आहे, देवीचं नावही आहे. पण फटका बसतो तो स्वार्थापोटी देवाशी सौदा करणाऱ्या भक्ताला. ज्याला फक्त रूप दिसलं, तो म्हणेल देवीची विटंबना. ज्याने शेवटपर्यंत ऐकलं, त्याला कळेल की देवीची बाजू घेणारं याहून चांगलं गाणं मिळणार नाही.

आपल्या गावाला तर हे कानडीतूनही ठाऊक असायला हवं. सिद्धरामेश्वरांच्या नावाने जानेवारीत गड्डा, म्हणजे मोठी जत्रा, भरतो, नंदीध्वज निघतात. ते सिद्धराम बाराव्या शतकातल्या शरणांपैकी, म्हणजे शिवभक्त संतांपैकी एक, स्वतः कानडी वचनं रचणारे. त्याच परंपरेतल्या बसवण्णांचं प्रसिद्ध वचन आहे: दगडाचा नाग दिसला की दूध घाला म्हणतात, खरा नाग दिसला की मारा म्हणतात. सोलापुरातल्या कितीतरी घरांत हे वचन श्रद्धेने म्हटलं जातं. त्यात नागपूजा करणाऱ्याला जे बोचतं ते बोचावं म्हणूनच रचलेलं आहे.

डॉल्बीच्या आरतीत चाल आरतीची आहे आणि मार डॉल्बीला आहे. इतकं सरळ आहे ते. आणखी एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. विडंबन करायला मूळ रचना तोंडपाठ लागते. तिचा ताल अंगात मुरलेला असावा लागतो. त्या मुलीला आरती येते म्हणून तिला हे जमलं. विटंबना करायला काहीच यावं लागत नाही.

प्रश्नात विचारलेलं नाही, पण तक्रारअर्जात आणखी दोन प्रयोग असतील, अशी मला खात्री आहे, म्हणून त्यांच्याविषयीही लिहिते. पहिला 'आक्षेपार्ह'. अर्ह म्हणजे योग्य, लायक. पूजार्ह म्हणजे पूजा करण्याजोगा, दंडार्ह म्हणजे दंड करण्याजोगा. तसं आक्षेपार्ह म्हणजे आक्षेप घेण्याजोगा. कोणी आक्षेप घेतला एवढ्याने मजकूर आक्षेपार्ह होत नाही, तो 'आक्षेप घेतलेला मजकूर' असतो. योग्यता ठरायची असते. आपल्या बातम्या पहिल्याच ओळीत 'आक्षेपार्ह मजकूर' लिहून निकाल देऊन मोकळ्या होतात.

दुसरा 'भावना दुखावल्या'. दुखावणे आणि दुखवणे यांत एका कान्याचा फरक आहे, पण क्रिया वेगळ्या आहेत. गुडघा दुखावतो, त्याला कोणी दुखावणारा लागत नाही, पायरी चुकली तरी पुरे. मन मात्र कोणीतरी दुखवतं. 'भावना दुखावल्या' या वाक्यात कर्ताच नाही, मग हेतू कुठून असणार? आणि कायदा विचारतो ते हेतूविषयीच. भारतीय दंड संहितेचं धार्मिक भावनांविषयीचं 295अ हे कलम 1927 साली आलं. लाहोरच्या एका पुस्तकाचे प्रकाशक राजपाल यांना तिथल्या उच्च न्यायालयाने सोडल्यानंतर हे कलम घातलं गेलं. 1929 साली राजपालांचा खून झाला. त्या कलमात 'जाणूनबुजून आणि दुष्ट हेतूने' हे शब्द आहेत, आणि सर्वोच्च न्यायालयाने 1957 साली ते कलम वैध ठरवताना याच शब्दांवर बोट ठेवलं: नकळत किंवा बेफिकिरीने झालेला अपमान त्यात येत नाही. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत हेच कलम 299 क्रमांकाने आहे. म्हणजे कायद्याला दुखवणे हवं आहे आणि तक्रारीत असतं दुखावणे.

शब्दाच्या अर्थावर माणूस तुरुंगात जातो, हे महाराष्ट्राला 1897 सालीच कळलं आहे. टिळकांवरच्या खटल्यात राजद्रोहाच्या कलमातल्या 'डिसअफेक्शन' या शब्दावर वाद झाला. न्यायमूर्ती स्ट्रॅची यांनी अर्थ लावला की प्रेमाचा अभाव म्हणजेच ते. सरकारवर प्रेम नाही, एवढाच गुन्हा! 'केसरी'त छापलेल्या मजकुरासाठी, ज्यात शिवाजी महाराजांच्या तोंडी घातलेली एक कविताही होती, टिळकांना 18 महिन्यांची शिक्षा झाली. आणि सोलापूरकरांना तर 1930 चा मार्शल लॉ सांगायला नको. 12 जानेवारी 1931 ला येरवड्यात फाशी गेलेल्या आपल्या चार हुतात्म्यांमध्ये कुर्बान हुसेन होते, आणि ते 'गझनफर' या पत्राचे संपादक होते. चार पुतळ्यांच्या चौकातून जाताना त्यांतला एक पुतळा संपादकाचा आहे, हे मुलांना सांगायला हवं.

मग एखादं विडंबन खरोखरच पूज्य गोष्टीलाच बोचकारत असेल तर? तेही होतं, आणि त्यातलं काही वाईट असतं, रटाळ असतं, नुसतं शिवराळ असतं. तरीही त्याला विडंबनच म्हणावं, वाईट विडंबन म्हणावं. व्यंगचित्रकार असीम त्रिवेदी यांना 2012 साली मुंबईत राजद्रोहाच्या आरोपाखाली अटक झाली होती. त्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने 2015 साली म्हटलं, की चित्रांत भ्रष्टाचाराविरुद्धचा संताप आहे, विनोद किंवा उपरोध नाही, पण तेवढ्यासाठी अभिव्यक्तीचं स्वातंत्र्य काढून घेता येत नाही. हा निकाल मला फार मोलाचा वाटतो, कारण चांगल्या विनोदाच्या बाजूने कोणीही उभं राहतं. त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने वसंत दत्तात्रेय गुर्जर यांच्या 'गांधी मला भेटला' या कवितेच्या प्रकरणात वेगळी दिशा घेतली. 1994 साली ती कविता छापणाऱ्या, आणि नंतर माफी मागितलेल्या संपादकांना मोकळं केलं, कवीने मात्र अश्लीलतेच्या आरोपाला सामोरं जावं असं सांगितलं. त्याच 2015 च्या 7 जानेवारीला पॅरिसमध्ये 'शार्ली एब्दो' या व्यंगसाप्ताहिकाच्या कचेरीवरच्या हल्ल्यात 12 जण मारले गेले, आणि त्या साप्ताहिकाचं मुखपृष्ठ पुन्हा छापलं म्हणून मुंबईतल्या एका उर्दू दैनिकाच्या संपादिकेला अटक झाली. त्या चित्रांवर कोणाचं काय मत आहे हा भाग वेगळा. पण ठार मारलेल्या माणसांच्या संदर्भात 'विटंबना' हा शब्द वापरायचाच असेल तर तो चित्रांसाठी वापरू नये.

हा झगडा किती जुना आहे ते भरतमुनींच्या नाट्यशास्त्राच्या शेवटच्या भागात वाचायला मिळतं. भरताच्या मुलांना विद्येचा गर्व झाला, त्यांनी प्रहसनात ऋषींचीच नक्कल केली, आणि ऋषींनी शाप दिला. देव धावत आले, की आता नाट्यच नाहीसं होणार. ऋषी म्हणाले, नाट्य टिकेल, बाकीचा शाप तसाच राहील. मुलं बापाकडे गेली, आम्ही जीव देतो म्हणाली. भरताने त्यांना विद्या पुढे शिकवायला सांगितलं. शाप मागे घेतला गेला नाही आणि खेळही थांबला नाही.

आता भित्तिपत्रकाकडे. वादात 'आरतीचं विडंबन' असा शब्दप्रयोग तुम्हीच केलेला दिसतो, तो बदला. 'आरतीचं' ही षष्ठी दोन्ही अर्थ देते, आरतीची चाल घेतलेलं आणि आरतीला लक्ष्य केलेलं. तक्रार करणाऱ्यांनी दुसरा अर्थ घेतला. कविता पुन्हा लावाल तेव्हा वर असं लिहा: 'डॉल्बीचं विडंबन, आरतीच्या चालीवर'. आणि खाली कवयित्रीच्या नावाशेजारी संपादक म्हणून तुमचंही नाव घाला.