घरगुती स्टुडिओ: गच्चीवरची खोली की खालची?

घरी रेकॉर्डिंगसाठी गच्चीवरची 10 बाय 10 ची खोली घ्यावी की तळमजल्यावरची 14 बाय 11 ची बेडरूम, असं तुम्ही विचारलंय. बेडरूम घ्या. "वर शांतता असते" म्हणणाऱ्यांशी माझं कधीच पटलं नाही. नागपुरात मे महिन्यात पारा 45 च्या घरात जातो आणि तापलेला स्लॅब रात्री उशिरापर्यंत धगधगत असतो. म्हणजे कूलर आलाच. पंख्याची घरघर माइकमध्ये येते, शिवाय दमट हवेनं तबल्याची पुडी (वरचं चामडं) सैल पडून सूर उतरतो, कंडेन्सर माइक (स्टुडिओतला नाजूक, संवेदनशील माइक) चरचरतो. एसी रेकॉर्डिंग चालू असेपर्यंत बंद ठेवावा लागतो, आणि वर बंद केला की खोली लगेच तापते.

मापाचंही तेच. वरच्या खोलीची उंचीही 10 फूट असेल तर तिन्ही दिशांना 56 हर्ट्झच्या आसपास एकच घुमारा (खोलीच्या मापामुळे घुमणारा स्वर) होतो, पुन्हा 113 ला. बासचा एक स्वर फुगतो, दुसरा गायब, आणि मिक्स (सगळे आवाज जुळवून केलेलं गाणं) बाहेर वाजवला की पोकळ लागतो. खाली उंची साडेनऊ धरली तर तेच घुमारे 40, 51 आणि 59 असे विखुरतात. स्पीकर 11 फुटी भिंतीशी मांडा, कान तिथून सव्वापाच फुटांवर.

अंड्यांचे ट्रे, थर्माकोल तर ठोकूच नका. ट्रे फक्त वरच्या पट्टीतला आवाज थोडा शोषतात, थर्माकोल जवळपास काहीच नाही, आणि दोन्ही पटकन पेट घेतात. घनमीटरला 48 किलोचं, चार इंच जाड रॉकवूल (दगडापासून केलेली लोकर) कापडात गुंडाळून आधी कोपऱ्यांत उभं करा, मग बाजूच्या भिंतींवर लावा. यानं शेजाऱ्यांकडे जाणारा आवाज थांबत नाही. त्यासाठी दाराच्या फटी रबरानं बुजवा. दार-भिंतीच्या क्षेत्रफळात 1 टक्का फट उरली तरी आवाजाची अडवणूक 20 डेसिबलच्या पुढे जात नाही, भिंत कितीही जाड असो.

ठरवण्याआधी संध्याकाळी पंखा बंद करून खालच्या खोलीत दहा मिनिटं नुसती शांतता रेकॉर्ड करा आणि हेडफोनवर ऐका. पाण्याची मोटर, शेजारचा कूलर, लग्नसराईतलं मंगल कार्यालय, सगळं कळतं. मग इन्व्हर्टरवर गिटार जोडून बघा. स्क्वेअर वेव्हचा असेल तर पिकअपमध्ये (गिटारच्या तारांचा कंप पकडणाऱ्या भागात) गुणगुण येते.

खालच्या भिंतींना पावसाळ्यात ओल येत असेल तर आधी ती दुरुस्त करा, रॉकवूल नंतर. आणि काम फक्त कीबोर्ड-हेडफोनवरचं असेल, माइक लावायचाच नसेल, तर एसी लावून वरची खोलीही चालेल.