वाचकांचे प्रश्न: बुडापेस्टच्या चौकातला तो पुतळा कोणाचा?

प्रश्न: भाचा शिकायला बुडापेस्टला गेलाय. त्याने एका चौकातल्या पुतळ्याचा फोटो पाठवला, नाव योझेफ नादोर. हा तिकडचा राजा होता का?
– एक वाचक, अमळनेर

उत्तर: नाही ताई, राजा नव्हता. राजा व्हिएन्नात बसायचा आणि हंगेरीचा कारभार त्याच्या नावाने जो बघायचा तो नादोर. योझेफ राजघराण्यातलाच, जन्म 1776चा, तोही फ्लॉरेन्सला. 1795मध्ये त्याच्या आधी नादोर असलेला मोठा भाऊ आतषबाजीची तयारी करताना स्फोटात गेला आणि 19 वर्षांच्या ह्या पोरावर परक्या देशाचा भार आला, पुढच्या वर्षी नादोर म्हणून निवड झाली ती 1847मध्ये मरेपर्यंत, म्हणजे 50 वर्षं!

1808मध्ये त्याने पेस्ट शहर (आजच्या बुडापेस्टचा नदीच्या पूर्वेकडचा भाग) नीट बांधायला कमिटी नेमली, रस्ते, चौक सगळं आखून. मग 1838च्या मार्चमध्ये डॅन्यूबला महापूर आला, कच्च्या विटांची घरं पाण्यात विरघळली, 2,000हून जास्त घरं पडली. आपल्याकडे तापीकाठी ज्यांनी धाब्याचं घर बसताना पाहिलंय त्यांना हे वेगळं सांगायला नको. शहर परत उभं राहिलं त्यात ह्या कमिटीचा मोठा हात.

नॅशनल म्युझियम 1802मध्ये फेरेन्त्स सेचेनी ह्यांनी आपला ग्रंथसंग्रह देऊन सुरू केलं खरं, पण ते पुढे जगवलं नादोरने. धुळ्याला राजवाडे मंडळातली जुनी कागदपत्रं बघताना मला नेहमी वाटतं की गोळा करणारा जितका मोठा तितकाच नंतर सांभाळणाराही मोठा, त्याचं नाव मात्र कोणी घेत नाही.

क्रांतिकारक नव्हता तो. भूदासांची, म्हणजे जमीनदाराच्या जमिनीला बांधलेल्या शेतकऱ्यांची, सुटका 1848मध्ये झाली, त्याच्या मागे. दरबार आणि हंगेरीची संसद ह्यांच्यात तो आयुष्यभर मध्ये उभा राहिला, दोन्हीकडून ओढाताण, तरी हंगेरीची पहिली रेल्वे 1846मध्ये धावली ती त्याच्या डोळ्यांदेखत. बुडा आणि पेस्टला जोडणारा डॅन्यूबवरचा चेन ब्रिज मात्र 1849मध्ये उघडला, तो त्याला बघायला मिळाला नाही. त्या पुलावर सरदार-उमरावांनाही टोल होता बरं का, तोवर त्यांना असलं काही भरायची सवयच नव्हती!

आणि झाडांचं त्याला भारी वेड, बुडापेस्टजवळच्या अल्चूत गावी त्याने लावलेली बाग अजून आहे. भाच्याला म्हणा डॅन्यूबमधल्या मार्गित बेटावरही जाऊन ये, तिथली बागही ह्याच माणसाने फुलवली.