अकरावीतील विद्यार्थ्याला सुट्टीच्या एका महिन्यात, प्रयोगशाळेशिवाय, दीर्घायुष्यावर काही संशोधन करता येईल का?

करता येईल, मात्र औषध शोधण्याचा विचार सोडून द्यावा. माझ्या भाचीने सांगलीत, विश्रामबागेतल्या घरी बसून, गेल्या मे महिन्यात हेच केले. एकाच जनुकातील बदलाने सूत्रकृमीचे (एका इवल्याशा जंताचे) आयुष्य दुपटीहून अधिक वाढते, हे जीवशास्त्रज्ञ सिंथिया केनियन यांनी 1993 मध्ये दाखवले. भाचीचे वाचन तिथून सुरू झाले. पुढे ती संशोधक स्टीव्ह होर्वाथ यांच्या 2013 मधील ‘एपिजेनेटिक घड्याळा’कडे वळली. डीएनएवर 353 ठिकाणी मिथाइल गट (छोटे रासायनिक जोड) किती प्रमाणात जोडलेले आहेत, यावरून हे घड्याळ वयाचा अंदाज बांधते, आणि अशी माहिती मोफत उपलब्ध असल्याने साधा लॅपटॉप व पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा एवढ्यावर काम भागते.

खरा वेळ माहिती साफ करण्यातच जातो. वयाचा रकाना जिथे रिकामा होता, तिथे तिच्या कोडने मुकाट्याने शून्य भरले, आणि मोठी माणसे तान्ही बाळे म्हणून नोंदली गेली. ही चूक सापडायला तीन दिवस (आणि दुपारी वीज जात असल्याने दोन रात्री) लागले. गणित कच्चे असेल तर आधी रेषीय समाश्रयण (लिनियर रिग्रेशन, म्हणजे आकड्यांमधला सरळ रेषेचा संबंध शोधणे) शिकावे, कारण या घड्याळाच्या मुळाशी तेच आहे.