वजन कमी करण्यासाठी बेरिॲट्रिक सर्जरी करावी की नाही, हे कसं ठरवायचं?

आधी बीएमआय काढा: किलोतलं वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग. २०२२ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार तो ३५ किंवा त्याहून जास्त असेल, तर दुसरा आजार नसला तरी शस्त्रक्रियेचा सल्ला दिला जातो. ३० ते ३५ च्या मध्ये मधुमेहासारखा आजार असेल तर विचार होतो. आशियाई लोकांसाठी शस्त्रक्रियेच्या सल्ल्याचा उंबरठा ३५ वरून २७.५ वर येतो. चार-पाच किलोच उतरवायचे असतील तर विषय इथेच संपला.

आकड्यात बसलात म्हणून लगेच तारीख घेऊ नका. स्लीव्ह या प्रकारच्या शस्त्रक्रियेत जठराचा तीन-चतुर्थांशाहून जास्त भाग कापून काढतात. तो परत मिळत नाही. छातीत जळजळ, आंबट पाणी वर येणं हा त्रास आधीपासून असेल तर स्लीव्हनंतर तो वाढू शकतो. अशांना बऱ्याचदा बायपास (हृदयाची नव्हे, जठराचा छोटा कप्पा करून तो थेट लहान आतड्याला जोडण्याची शस्त्रक्रिया) सुचवतात. सर्जनने विचारलं नाही तरी हे स्वतःहून सांगाच.

मला तरी ऑपरेशनपेक्षा नंतरचंच जास्त अवघड वाटतं. व्हिटॅमिन, लोह, कॅल्शियमच्या गोळ्या आणि रक्ततपासण्या जन्मभर. बायपासनंतर दारू फार पटकन चढते. मूल हवं असेल तर साधारण वर्ष-दीड वर्ष थांबावं लागतं. आणि मन बिघडलं की हात डब्याकडे जात असेल, तर आधी समुपदेशकाला भेटा, कारण कापलं जातं ते पोट, सवय नाही.

वजन कमी करणाऱ्या सेमाग्लुटाइडसारख्या इंजेक्शनांबद्दलही डॉक्टरांना विचारा. ती बंद केली की बहुतेकांचं वजन पुन्हा चढतं, हे मात्र धरून चला.