डोक्याला मार, मग तपासणी डोळ्यांची का?

प्रश्न: माझा मुलगा १७ वर्षांचा आहे, क्लबकडून फुटबॉल खेळतो. हेडर मारताना दुसऱ्याच्या डोक्यावर आदळला. सीटी स्कॅन नॉर्मल आलाय पण वाचायला बसला की डोकं ठणकतं म्हणतो. प्रो प्लेयर्सचे डोळे तपासतात म्हणे, ते कशाला?
– एक आई, कोथरूड

उत्तर: ताई, स्कॅनमध्ये रक्तस्राव किंवा फ्रॅक्चर दिसतं, कन्कशन, म्हणजे मार लागून मेंदूला बसलेला हादरा, बहुतेक वेळा दिसतच नाही कारण बिघाड मेंदूच्या कामात असतो, आणि नजर हलवायला मेंदूचे बरेच भाग एकत्र राबत असतात म्हणून गडबड डोळ्यांत पकडता येते. किंग-डेव्हिक टेस्टमध्ये कार्डावरचे आकडे भराभर मोठ्याने वाचायचे असतात, सीझनच्या आधी घेतलेल्या वेळेपेक्षा जास्त वेळ लागला की शंका घ्यायची. पण खरं सांगू का, नुसत्या या टेस्टवर निदान होत नाही, बॅलन्स, स्मरणशक्ती, लक्षणं सगळं बघावं लागतं. आणि बेशुद्ध पडला नाही म्हणजे काही झालं नाही हे आपल्याकडच्या मैदानांवरचं लाडकं तत्त्वज्ञान साफ चूक आहे!

त्याला न्यूरोलॉजिस्टकडे न्या, डॉक्टर हो म्हणेपर्यंत मॅच नाही, कोच कितीही मागे लागला तरी. उलट्या, गुंगी किंवा डोकेदुखी वाढली तर मात्र अपॉइंटमेंटची वाट न बघता सरळ इमर्जन्सीत.