2001 साली जॉर्ज डब्ल्यू. बुश यांनी नेमलेले मंत्रिमंडळ मध्यममार्गी होते की पुराणमतवादी?

माझ्या मते ते पुराणमतवादीच होते. मात्र हे ठरवताना दोन्ही बाजूंची नावे मोजत बसण्यापेक्षा कोणते खाते कोणाच्या हाती गेले आणि मतभेद झाल्यावर कोणाचा शब्द राहिला, हे पाहावे लागते.

मध्यममार्गाची अपेक्षा निर्माण झाली ती परिस्थितीमुळे. 2000 च्या निवडणुकीत डेमोक्रॅटिक पक्षाचे उमेदवार अल गोर यांना रिपब्लिकन बुश यांच्यापेक्षा देशभरात सुमारे पाच लाख मते अधिक पडली होती, फ्लोरिडातील मतमोजणीचा वाद सर्वोच्च न्यायालयात मिटला होता आणि सिनेटमध्ये दोन्ही पक्षांचे 50-50 सदस्य होते. त्यामुळे मध्यममार्गी मानले जाणारे कॉलिन पॉवेल परराष्ट्रमंत्री झाले आणि क्लिंटन यांच्या मंत्रिमंडळात काम केलेले डेमोक्रॅट नॉर्मन मिनेटा यांना वाहतूक खाते मिळाले, तेव्हा अनेकांना हायसे वाटले.

परंतु गर्भपात, नागरी हक्क आणि न्यायाधीशांच्या नेमणुका या प्रश्नांशी ज्याचा थेट संबंध येतो ते न्याय खाते जॉन ॲशक्रॉफ्ट यांच्याकडे गेले. गर्भपाताचे ते कडवे विरोधक होते, आणि त्यांच्या नेमणुकीला सिनेटने 58 विरुद्ध 42 मतांनी संमती दिली. सरकारी जमिनी व त्यांतील खनिजे यांचा कारभार गेल नॉर्टन यांच्याकडे आला. अलास्कातील संरक्षित क्षेत्रात तेल काढण्यास त्या अनुकूल होत्या.

सर्वांत बोलके उदाहरण मला पर्यावरण संरक्षण संस्थेच्या प्रमुख क्रिस्टीन टॉड व्हिटमन यांचे वाटते. त्या खरोखरच मध्यममार्गी होत्या. वीज प्रकल्पांतून बाहेर पडणाऱ्या कार्बन डायऑक्साइडवर मर्यादा घालू, असे आश्वासन बुश यांनीच प्रचारात दिले होते, आणि त्यावर विसंबून व्हिटमन यांनी तीच भूमिका जाहीरपणे मांडली. मार्च 2001 मध्ये बुश यांनी काही सिनेटरांना पत्र लिहून ते आश्वासन मागे घेतले. ज्या व्यक्तीला मध्यममार्गाची खूण म्हणून पुढे केले, तिलाच अवघ्या दोन महिन्यांत असे तोंडघशी पाडले जावे, हे मला आजही अन्यायाचे वाटते. 2003 मध्ये त्या पदावरून दूर झाल्या.

मिनेटा मात्र 2006 पर्यंत टिकले. पण त्यांच्या खात्यात पक्षाच्या मूळ तत्त्वांची कसोटी लागावी असे प्रश्न फारसे येत नव्हते.