लक्षद्वीपच्या लगूनमध्ये स्नॉर्कलिंगला उतरण्यापूर्वी: वाचकांचे प्रश्न

मेच्या सुट्टीत आम्ही चौघं पाच दिवस लक्षद्वीपला जायचं म्हणतोय. जास्तीत जास्त बेटं कशी बघता येतील? (पुणे)

आधी महिना बदला. मेच्या मध्यापासून समुद्र खवळायला लागतो, पाणी गढुळतं. डिसेंबर ते मार्च हा काळ सर्वांत चांगला.

आणि बेटंही कमी करा. लक्षद्वीपची बेटं ३६, वस्ती फक्त १० बेटांवर आणि सगळी मिळून जमीन जेमतेम ३२ चौरस किलोमीटर. पण ही जमीन विखुरली आहे फार मोठ्या समुद्रात. मिनिकॉयचं १८८५चं दीपगृह बघण्यासारखं आहे, तिथली महल भाषाही इतर बेटांच्या बोलीहून वेगळी. पण ते बेट नाइन डिग्री चॅनेल या रुंद सागरी पट्ट्याच्या पलीकडे, पार दक्षिणेला आहे. पाच दिवसांत त्याचा हट्ट धरलात तर सुट्टी बोटीतच जाईल.

तुमच्यासाठी अगत्ती, बंगारम आणि तिन्नकरा पुरे. अगत्तीला कोचीहून विमान जातं. तिथून छोट्या बोटीने बंगारमला जायचं. तिन्नकरा त्याच लगूनमध्ये, म्हणजे प्रवाळाच्या भिंतीआडच्या उथळ पाण्यात आहे. एकाच लगूनमध्ये सकाळी आणि दुपारी, दोनदा स्नॉर्कलिंगला उतरा, म्हणजे मास्क लावून, तोंडातल्या नळीतून श्वास घेत, तरंगत खाली बघा. मासे ओळखीचे व्हायला लागतात, आणि खरी मजा तेव्हाच सुरू होते.

प्रवेश परवाना भारतीयांनाही लागतो. तो हातात आल्याशिवाय परत न मिळणारी तिकिटं काढू नका. बेटांमधल्या सरकारी बोटी मुळात तिथल्या लोकांच्या दवाखान्याच्या, कॉलेजच्या, बाजाराच्या सोयीसाठी आहेत, हेही ध्यानात असू द्या.

माझं वय ५२, पोहता येत नाही. मुलगी म्हणते, आई तूही उतर. उतरू का? (नाशिक)

जरूर उतरा, पण लाइफ जॅकेट घालून, सोबत जाणकार माणूस घेऊन आणि घरून थोडी तयारी करून. हृदयाचा किंवा दम्याचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

नवख्या माणसाला पाण्यापेक्षा स्वतःच्या श्वासाचीच भीती जास्त वाटते. नळीतून घाईघाईने छोटे श्वास घेतले, की नळीत उरलेली वापरलेली हवाच पुन्हा आत येते, जीव घाबरा होतो आणि माणूस उभं राहायला धडपडतो. म्हणून श्वास सावकाश, आणि उच्छ्वास त्याहून लांब. नाशिकमध्येच एखाद्या तरणतलावाच्या उथळ बाजूला, काठ धरून, तोंड पाण्यात घालून हे जमवा. नळीत पाणी शिरलं तर जोरात एकच फुंकर मारून ते उडवायचं, हेही तिथेच शिका. हे जमलं, की लगूनमध्ये तुम्ही हात-पाय फारसे न हलवता तरंगत बघत राहाल. पूर्ण चेहरा झाकणारा मास्क मात्र नको. घाईच्या क्षणी तो पटकन निघत नाही.

अंगात पूर्ण बाह्यांचा स्विमसूट घाला. खाली बघण्याच्या नादात पाठ भाजते, आणि ते कळतं रात्री.

चष्मा आहे. काय करू? (कोल्हापूर)

नंबरची काच असलेला मास्क मिळतो, तोच घ्या. चष्म्याच्या काड्यांवर मास्क बसत नाही, पाणी आत येतं.

मालवणला स्नॉर्कलिंग केलंय. लगून तर तळ्यासारखी शांत दिसते, मग गाइड कशाला? (ठाणे)

तुमचा अनुभव उपयोगी पडेल, पण इथलं पाणी वेगळं वागतं. बहुतेक बेटांची लगून पश्चिमेला असते, तिच्याभोवती प्रवाळाची भिंत आणि भिंतीत कुठे कुठे खिंडी. ओहोटी लागली, की लगूनमधलं पाणी त्या खिंडींतून बाहेर धावतं. वरून काहीच दिसत नाही, पण त्या ओढीत सापडलेला माणूस भिंतीबाहेरच्या खोल समुद्रात जाऊ शकतो. ओढीत अडकलात तर तिच्या विरुद्ध झगडू नका. आडवे सरका, हात वर करून बोटीला खूण करा.

इथला भरती-ओहोटीतला फरक कोकणापेक्षा बराच कमी. तरी पूर्ण ओहोटीला प्रवाळ पोटाखाली अगदी जवळ येतं, आणि उधाणाच्या दिवसांत ओढ वाढते. पाण्यात कधी उतरायचं आणि खिंड कुठे आहे, हे तिथल्या बोटवाल्यालाच विचारा.

पांढरं पडलेलं प्रवाळ मेलेलंच असतं ना? मग त्याचा एक तुकडा आणला तर काय बिघडलं? (पणजी)

नाही, पांढरं म्हणजे मेलेलं नव्हे. प्रवाळाच्या अंगात सूक्ष्म शैवाल राहतं. रंग आणि बरंचसं अन्न त्याला तिथूनच मिळतं. समुद्र काही आठवडे नेहमीपेक्षा जास्त तापला, की प्रवाळ हे शैवाल बाहेर टाकतं. खाली राहतो पांढरा सांगाडा आणि त्यावर पारदर्शक, अजून जिवंत असलेला थर. पाणी वेळेत निवलं तर ते सावरतं. लक्षद्वीपमध्ये १९९८, २०१०, २०१६ आणि २०२४ मध्ये असं मोठ्या प्रमाणावर घडलं. उपासमारीतून उठू पाहणाऱ्या त्या जिवावर आपण पायातले फिन्स (पोहण्याचे रबरी पंख) टेकवायचे? मला हे बघवत नाही.

खरोखर मेलेला तुकडाही उचलू नका. ही बेटं प्रवाळाच्याच चुऱ्याची आहेत; भिंत झिजली की किनारा झिजतो. बंगारमजवळचं परळी-१ हे निर्जन बेट धूप होऊन समुद्रात गेलं आहे. शिवाय प्रवाळाला १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे, त्यामुळे पिशवीतला तुकडा तपासणीत सापडला तर गुन्हा दाखल होऊ शकतो. शंख-शिंपल्यांनाही हात लावू नका. रिकाम्या शंखात बऱ्याचदा शंखातला खेकडा राहत असतो.